दाजीसाहेबांची मागची खिडकी

दाजीसाहेब काटकर जगातल्या यच्चयावत माणसांचे दोनच प्रकार मानत: काचेची आणि प्लास्टिकची. तिसरा प्रकार असूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणाकडे सोयरिकीचं बोलणं चाललेलं असो, निवडणूक असो की नवा दूधवाला ठेवायचा असो, दाजीसाहेब मिशीवरून बोट फिरवत, डोळे बारीक करत आणि निकाल देऊन मोकळे होत. "मुलगा काचेचा आहे. हां करून टाका." किंवा, "हा दूधवाला बिल्कुल प्लास्टिक. आज साफ दिसून राहिला आहे, पण दोन उन्हाळे जाऊ द्या, पिवळा पडेल."

गल्लीत नव्याने आलेला माणूस हे ऐकून गोंधळायचा. आम्ही मात्र मान डोलवायचो, कारण हे सगळं कुठून निघालं ते आम्हाला ठाऊक होतं. ते निघालं होतं एका मोटारीतून.

दाजीसाहेब संस्थानच्या घोडदळात रिसालदार. काटकर मंडळी कैक पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आली, ती घोड्यावरून उतरलीच नाहीत, असं आमची आई म्हणायची. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, फौजेची फेररचना झाली आणि दाजीसाहेब पेन्शन घेऊन घरी बसले. दारचा घोडाही म्हातारा होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. रिकाम्या तबेल्याकडे बघत बसणं त्यांना सोसेना. त्याच सुमाराला एक सरदार बाडबिस्तरा आवरून पुण्याला निघाले होते. त्यांच्याकडची कापडी टपाची जुनी मोटार दाजीसाहेबांनी उचलली.

तबेल्याची लांबीरुंदी त्यांनी हातातल्या छडीने जातीने मोजली होती. मोटार आत बेताने मावली. पण एक गोष्ट त्यांच्या घोडेस्वाराच्या डोक्यात आलीच नाही. घोडा तबेल्यात जागच्या जागी वळतो, मोटार वळत नाही. आमची दाना ओली मोहल्ल्यातली गल्ली नेमकी दाजीसाहेबांच्या दाराशी संपते आणि गल्लीत दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. पहिल्या दिवशी मोटार झोकात आत शिरली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर कशी येते ते बघायला गल्ली जमली.

"निकलेगी कैसे, रिसालदारसाब?" गल्लीच्या तोंडावरच्या रामसरूप हलवायाने विचारलं.

"जैसी आई वैसी," दाजीसाहेब म्हणाले, "सिर्फ उलटी."

तेव्हापासून ती मोटार मोठ्या रस्त्यापर्यंत कायम उलटीच जायची. आणि मोटार उलटी न्यायची तर मागचं दिसायला हवं. टपाच्या पाठीला खिडकी होती, पण ती जुन्या सेल्युलॉइडची. ती पिवळी पडली, तडकली आणि एका उन्हाळ्यात चक्क गळून पडली. त्या भोकातून एक मांजरी आत शिरून मागच्या गादीवर व्यायली, तेव्हा बाईसाहेबांनी, म्हणजे दाजीसाहेबांच्या पत्नीने, घोड्याची जुनी झूल कापून तिथे शिवून टाकली. तात्पुरती हो! नवी खिडकी कशाची करायची ते ठरेपर्यंत.

ते ठरण्यात काही वर्षं गेली.

स्टेशनजवळच्या पडाव भागात मोटारींच्या गाद्या आणि टप शिवणारा रहमत मिस्त्री होता. त्याने दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. "प्लास्टिक लगवाओगे तो टप मजे से तह हो जाएगा. मगर धूप में पीला पड़ेगा, खरोंचें आएँगी. शीशा बरसों साफ रहेगा. मगर फिर टप मत उतारना हुजूर. कमानी पुरानी है, पहली तह में शीशा गया समझो."

आता तुम्ही म्हणाल, टप उतरवायचा कशाला? तर दसऱ्याला. एरवी धूळ उडते म्हणून दाजीसाहेब टपाला हात लावू देत नसत. पण दसऱ्याला टप खाली करून, पगडी घालून, तलवार मांडीवर घेऊन ते मोटारीतून सोनं वाटायला निघत. रिसाल्यातली तेवढीच एक चाल त्यांच्याकडे उरली होती. काच लावली की ती गेली. प्लास्टिक लावलं की चाल राहिली, पण मागचं धुरकट.

झालं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक बसायची आणि दाजीसाहेब बाजू मांडायचे. आज काचेची, उद्या प्लास्टिकची.

"असं आहे की बंडोपंत," ते मला सांगत, "शीशा फुटेल, पण धोका नाही देणार. जोवर आहे तोवर खरं दाखवेल."

मी म्हणायचो, "मग काच लावून टाका."

"वा! आणि दसरा? प्लास्टिकमध्ये एक गुण आहे की ते वाकतं. जमाना वाकायचा आहे."

"मग प्लास्टिक लावा."

"तुम्ही फार जल्दी करता," असं म्हणून ते चहा मागवत. राज्यसुद्धा त्यांनी या तराजूत घातलं होतं. मध्यभारताची राजधानी थोडे महिने ग्वाल्हेरला आणि थोडे महिने इंदूरला असायची, फायलींची गाठोडी वर्षातून दोनदा आगगाडीत चढायची. "घडी घालून राहिले, उलगडून राहिले," दाजीसाहेब म्हणत, "सुरकुती पडणारच. प्लास्टिकचं राज्य!" मी त्याच सचिवालयात कारकून, त्यामुळे मला हसताही येईना आणि रागावताही येईना.

दरम्यान मोटार मात्र आंधळी होती, आणि त्या आंधळ्या मोटारीला गल्ली बाहेर काढायची. हा आमच्याकडचा रोजचा सोहळा. तबेल्यात इंजिन घरघरलं की घराघरातून माणसं ओट्यावर यायची. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या गालावर साबण. आपापल्या दारासमोरचा रस्ता सांभाळणं हे ज्याचं त्याचं काम. दाजीसाहेब मान वळवून, त्या झुलीकडे डोळे लावून, मोटार मागे घ्यायचे आणि आवाज सुरू व्हायचे. कुलकर्णी मास्तर शाळेत भूगोल शिकवत. त्यांना डावं-उजवं म्हणणं कमीपणाचं वाटे. ते ओरडत, "थोडं नैऋत्येला! नैऋत्येला हो, रिसालदार!" गल्लीच्या तोंडाशी रामसरूप झारा उंचावून "आने दो, आने दो, रोक्को!" करायचा. आणि मधल्या वळणावर आमचं घर. तिथे आमची आई.

गल्ली तिला माई म्हणायची. माईला दम्याचा त्रास, जिना चढली तरी धाप लागायची. पण मोटार आली की हा खणखणीत आवाज कुठून यायचा देव जाणे. "येऊ द्या दाजीसाहेब, येऊ द्या... सबूर! गाय आहे!" वळणावर गाय असायचीच. गाय हलेपर्यंत मोटार थांबायची, आणि तेवढ्यात माई खिडकीतून दाजीसाहेबांना काल कढी बिघडली कशी ते सांगून घ्यायची. मग पुन्हा, "येऊ द्या!"

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "दाजीसाहेब, निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर ही झूल उसवून ठेवा की! भोकातून चांगलं दिसेल."

ते असे काही रागावले की दोन दिवस ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब हळदीकुंकवाला आल्या तेव्हा माईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "मी उसवायला बसते ना, तर कैची लपवून देतात." दोघी तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसल्या. मला काही कळलं नाही. मी सचिवालयातला माणूस, मला लेखी दिल्याशिवाय काही कळत नसे.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारतच उरलं नाही, नवं मध्यप्रदेश राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्या निघाल्या, कचेऱ्यांमागे माणसं निघाली. आमच्या गल्लीतली निम्मी घरं सरकारी नोकरीवर चालणारी. कुणी भोपाळला, कुणी इंदूरला. निघणाऱ्या प्रत्येकाला दाजीसाहेब स्वतः मोटारीतून स्टेशनवर पोचवायचे. "आमच्या गल्लीतून कुणी टांग्यात बसून नाही जाणार," असा त्यांचा हुकूमच होता. मोटार उलटी निघायची, त्यामुळे जाणाऱ्याला समोरच्या काचेतून आपलं घर आणि हात हलवणारी माणसं वळणापर्यंत दिसत राहायची. तोंडाने गंमत करत सगळे, पण डोळ्यांना पदर लागायचेच.

दर खेपेला गल्लीतला एकेक आवाज कमी व्हायचा. पिंपळाजवळ सांगायला कुणी राहिलं नाही, तिथे मडगार्ड घासलं. नळाजवळचं घर बंद झालं, तिथे नळ वाकला. मोटार पूर्वीपेक्षा हळू निघायला लागली. काच आणि प्लास्टिकचा वाद दाजीसाहेबांनी अचानक बंद केला. कुणी काढलाच तर म्हणत, "पाहू. अजून मास्तर आहेत. माई आहेत."

आणि थंडीच्या तोंडावर माझा हुकूम आला. भोपाळ.

संध्याकाळी दाजीसाहेब ओट्यावर आले तेव्हा सांगणं भाग होतं. ते छडीचं टोक ओट्यावर फिरवत राहिले. माईच म्हणाली, "दाजीसाहेब, मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा टांग्यातून पहिल्यांदा किल्ला पाहिला होता. जाताना स्टेशनापर्यंत तो मागे दिसत राहिला तर बरं वाटेल हो. पण तुमच्या मोटारीला तर झूल. आणि उघड्या भोकातला वारा मला सोसायचा नाही."

"फिकर नका करू माई," दाजीसाहेब म्हणाले आणि छडी घेऊन उठले. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार पडावावर गेली, ती परतली तेव्हा टपाच्या पाठीला काच होती. लख्ख, चौकोनी, कडेने काळा गोट शिवलेली. सगळी गल्ली बघायला लोटली. रामसरूपने त्यात मिशी पाहिली. मी म्हटलं, "अहो, मग दसरा? टप आता उतरायचा नाही."

"पगडी पायीसुद्धा घालता येते, बंडोपंत," दाजीसाहेब म्हणाले. "माईंना किल्ला साफ दिसला पाहिजे. प्लास्टिकमधून किल्ला दाखवायचा म्हणजे काय?"

निघायच्या दिवशी सकाळी कडक थंडी होती. मोटार तबेल्यातून निघून आमच्या दाराशी, वळणावर येऊन थांबली. सामान बांधलं, माई मागच्या गादीवर शाल लपेटून बसली, मी तिच्याशेजारी. बाईसाहेब दाजीसाहेबांच्या बाजूला बसल्या. मास्तर, रामसरूप, उरलीसुरली सगळी मंडळी ओट्यांवर उभी होती. पण कुणी तोंड उघडेना. काच एवढी स्वच्छ असताना रिसालदारसाहेबांना रस्ता काय सांगायचा? उगीच आगाऊपणा वाटला असता.

दाजीसाहेबांनी मान वळवली. आमच्या दोघांच्या मधून ते काचेकडे बघत होते. इंजिन घरघरत होतं. मोटार हलेना.

"चला ना," बाईसाहेब हळूच म्हणाल्या.

"दिसून नाही राहिलं."

मी वळून पाहिलं. काचेतून सगळी गल्ली दिसत होती, रामसरूपची कढईसुद्धा. गायही नव्हती त्या दिवशी. "दाजीसाहेब, रस्ता मोकळा आहे," मी म्हणालो.

"तुम्ही चूप बसा, बंडोपंत." त्यांचे डोळे काठोकाठ भरले होते. इतकी वर्षं आम्ही मोटारीच्या बाहेर उभे असायचो. मान वळवून मोटार मागे घेणाऱ्या या माणसाचा चेहरा मी मागच्या गादीवरून पहिल्यांदाच बघत होतो. "माई," ते म्हणाले, "नाही दिसत. आवाज द्या."

आत्ता मला कळलं, कैची का लपवली जायची. खिडकी झाली असती तर घराघरातून माणसं बाहेर कशाला आली असती? आपण केवढे ठोंबे आहोत!

माईला माझ्याआधीच कळलेलं होतं. ती धडपडत गादीवर गुडघे टेकून वळली, काचेला नाक लावलं आणि त्या दम्याच्या छातीतून तिचा तो जुना आवाज निघाला. "येऊ द्या दाजीसाहेब, येऊ द्या!"

मोटार हलली. मग काय विचारता! "नैऋत्येला! अहो नैऋत्येला!" मास्तर किंचाळले. रामसरूप झारा घेऊन रस्त्यात नाचायला लागला, "आने दो, आने दो!" बंद घरांसमोर मंडळी धावत जाऊन उभी राहिली आणि तिथूनही आवाज आले. "सबूर! गाय आहे!" माई ओरडली. गाय नव्हतीच, पण दाजीसाहेबांनी करकचून ब्रेक दाबला, नसलेली गाय जाईपर्यंत थांबले, आणि सगळी गल्ली पोट धरून हसली. दाजीसाहेब सगळ्यात मोठ्याने.

मोठ्या रस्त्यावर मोटार सरळ झाली आणि पडावाकडे तोंड करून निघाली. मागच्या काचेत उन्हातला किल्ला लख्ख दिसत होता. माई तो डोळे भरून बघत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, "येऊ द्या, येऊ द्या." पुढे जाणाऱ्या मोटारीला असं सांगायची काही गरज नसते. पण दाजीसाहेब दर खेपेला "हो माई" म्हणत होते, थेट स्टेशन येईपर्यंत.