टाकीवरची खुर्ची

उकंडराव डाखोरे स्कूटरला खुर्ची बांधून हिंडतात. घरचीच, हिरवी, प्लास्टिकची, एक हात तारेने बांधलेली. ते आमच्या नगरपंचायतीचे स्वच्छता निरीक्षक, मी तिथलाच करवसुलीचा बाबू. कुणाची संडासाची टाकी तुंबली की हा माणूस झाकणावर खुर्ची मांडतो आणि उपसायची मशीन येईपर्यंत तिथेच बसतो. मशीन येते आर्णीहून, आणि तोवर लोकांना कुठला दम? कुणाला तरी आत उतरवायला बघतात. माणूस उतरवायचा नाही हा कायदा कपाटात सगळ्यांच्याच आहे. त्यासाठी झाकणावर बसणारा हा एकटाच.

"मले घाई नाही," हे त्यांचं पालुपद.

ज्याची तक्रार, त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. डबा आपला, बाटली आपली. आणि सफाई कामगारांची हजेरी दोनदा. "सकाळची सरकारची, संध्याकाळची माही," म्हणतात. आम्ही ऑफिसात यावर फार हसायचो.

मग माझ्या पोरीच्या साक्षगंधाच्या दिवशीच आमची टाकी तुंबली. आली का पंचाईत? अंगणात मांडव, आणि मांडवाच्या कडेला झाकणावर उकंडराव.

"आपल्या सफाईतला सदू उतरायला तयार आहे," मी हळूच म्हटलं. "दोन मिनिटांचं काम. आपण एका ऑफिसातले ना?"

"मले घाई नाही."

"मले आहे ना पण. व्याही येऊन राह्यले."

व्याही आलेच. पोराच्या काकांना वाटलं, एवढा ऐसपैस बसलेला म्हणजे घरातला सर्वांत वडीलधारा. त्यांनी टिळा लावला, दुपट्टा घातला, पायाही पडले. उकंडरावांनी टिळा राहू दिला, दुपट्टा घडी करून माझ्या हातात ठेवला. "तक्रारदाराच्या घरचं चालत नाही."

"अहो, हा पोराकडचा आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग वर साहेबाले विचारा लागन."

साडेतीनला मशीन आली. ते खुर्ची स्कूटरला बांधत होते, तेव्हा माझा राग बाहेर पडलाच. "पाहुण्यांत मान खाली घालायला लावली तुम्ही. दोन मिनिटांचं तर काम होतं."

दोरी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"मीबी असंच म्हटलं होतं, भाऊ. नोकरीत नवा होतो. साहेबाले घाई होती. सफाईतल्या श्रावणले म्हटलं, टाकीत उतर, दोन मिनिटांचं काम आहे." त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "वरून आवाज देत राह्यलो. त्यानं ओ देल्ली नाही."

सदूला तयार केलं होतं ते मीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून निघालो, तर मागच्या आवारात हजेरी चालू होती.

"सदू?"

"आहो जी."

उकंडरावांनी चष्मा वर करून सदूकडे नीट पाहिलं, मगच रजिस्टरवर खूण केली. पुढचं नाव घेतलं, त्याच्याकडेही तसंच पाहिलं. शेवटच्या नावापर्यंत मी गाडीची किल्ली हातात धरून तिथेच उभा होतो.