विरोधाचा मान

चाफेकोंड गावात शिमग्याची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठण्यापूर्वी गुरव देवीच्या रूप्यांना, म्हणजे चांदीच्या मुखवट्यांना, फुले वाहतो, गावकार गाऱ्हाणे घालतो आणि महिपत मास्तर देवीचे अस्तित्व नाकारतात. या क्रमात फरक झालेला ग्रामस्थांना चालत नाही.

प्रथा जुनी नव्हे. मास्तर रत्नागिरीहून पदवी घेऊन आले, त्या वर्षी ते सहाणेच्या चौथऱ्यावर चढले आणि हे केवळ चांदीचे पत्रे आहेत, असे त्यांनी गावाला खणखणीत आवाजात बजावले. त्या साली भात उत्तम पिकले आणि आंब्याला मोहोर मावेना. पुढल्या शिमग्यात मास्तर तापाने अंथरुणात होते. पालखीचा दांडा बांधावर मोडला. गावाने दोन्ही घटनांचा साकल्याने विचार केला. तिसऱ्या वर्षी ढोलताशे मास्तरांच्या दारात त्यांना न्यायला आले.

आपला विचार गावात रुजला, अशी मास्तरांची समजूत झाली. वास्तविक रुजला होता तो मान. विरोधाबद्दल त्यांना नारळ देण्यात येई. मास्तर तत्त्व म्हणून तो नाकारीत, आणि नाकारलेला नारळ गुरवाने घरी न्यावा, हाही कालांतराने गुरवाचा मान ठरला. विरोधकाच्या अंगणात देवी बसणे हे दोन्ही पक्षांना कमीपणाचे, म्हणून पालखी मास्तरांच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन माघारी वळे. त्यांची पत्नी मैना लग्न होऊन आल्यापासून देवीची ओटी चुलत दिराच्या दारात भरीत असे. परक्या उंबऱ्यात ओटी भरणाऱ्या बाईला रांगेत शेवटी उभे राहावे लागते. हे मात्र कोणी ठरवले नव्हते. ते आपोआपच झाले होते.

मास्तर निष्ठेने विरोध करणारे असल्यामुळे ज्याचे खंडन करायचे ते आधी वाचीत. इथेच घोटाळा झाला. खंडनासाठी उघडलेले ग्रंथ वर्षानुवर्षे वाचता वाचता त्यांना त्यांत बऱ्याच गोष्टी अशा आढळल्या, की ज्यांना चौथऱ्यावरून उत्तर देता येईना. पुढे चक्रीवादळात घराचे छप्पर उडाले, तेव्हा ज्यांना ते दरसाल अडाणी म्हणत तीच माणसे देवीचे नाव घेत पत्रे खांद्यावर वाहून त्यांच्या दारात आली. देवी आहे की नाही, हे मास्तरांना अजूनही सांगता आले नसते. पण नाही, असे ठणकावून सांगण्याइतके आपल्याला काही ठाऊक नाही, एवढे त्यांना कळले होते. यंदा पालखी आपल्या अंगणात बसावी आणि मैनेने आपल्या दारात ओटी भरावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती घेऊन ते गावकार आप्पांकडे गेले.

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "तब्येत बरी हाय ना तुजी?"

"तब्येत बरी आहे. मत बदललंय."

"बदल की. आमची ना नाय. शिमग्याचं काय ता बोलून टाक, मग बदल."

"पटत नाही ते बोलू कसं, आप्पा?"

"मग आमी काय पटतंय म्हनून करतो? बापूस गाऱ्हाणं घालायचा, मी घालतो. देव हाय का नाय, ह्याची चौकशी आमच्या घरात कोनी केली नाय. ता काम तुज्याकडं दिलेलं."

ही बातमी मास्तरांचा चुलतभाऊ सरपंच बाबल्या याला लागली. बाबल्याने आजवर तीनदा पक्ष बदलला होता आणि तिन्ही वेळा गावाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवले होते. पक्ष बदलणे ही गावाला रस्ता मिळवून देण्याची सोय असते. मत बदलणे हा स्वभावातला दोष, हा भेद गावाला पक्का ठाऊक होता.

"दादा, तू मान सोडत असशील तर तो धाकट्या घराकडं येतो," बाबल्या म्हणाला. "माजा झील तयार हाय."

"मुलगा नास्तिक आहे तुझा?"

"छे, सोमवार करतो. पन पाठांतर चांगला हाय."

मास्तरांच्या थोरल्या घरातल्या भावकीने हरकत घेतली. शब्दाने शब्द वाढला, आणि पालखीला कुलूप लागते की काय, अशी वेळ आली. तेव्हा शांतता समितीची बैठक बोलावण्यात आली. बंदोबस्तावरचे अधिकारी सुसंस्कृत होते. "मास्तर, देव मानणाऱ्यांचा बंदोबस्त आम्ही करतो, न मानणाऱ्यांचाही करतो," ते म्हणाले. "मानू लागलेल्यांसाठी आमच्याकडे तरतूद नाही. वहिवाट चालू ठेवा." खेडच्या ज्या विचारमंचाने मास्तरांना शाल दिली होती, त्यानेही कळवले की परिवर्तन हे समाजाचे अपेक्षित असून वक्त्याचे नव्हे, सबब शाल परत करावी.

सगळ्या माणसांनी नाही म्हटल्यावर मास्तरांनी असे काही केले, जे पूर्वी त्यांनी कधीच केले नसते. ते म्हणाले, "देवीलाच विचारा."

शिमग्याच्या दिवशी, पालखी उठण्यापूर्वी, लवू गुरवाने सहाणेवर कौल लावला. देवीच्या मुखवट्यावर उजवी-डावीकडे पाण्याने फुले चिकटवली. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. डावे पडले.

"देवी म्हनते, वहिवाट मोडू नको," लवूने सांगितले आणि सवयीने नारळाच्या जागेकडे पाहिले.

जुने मास्तर असते तर कोणत्या फुलाला पाणी जास्त लावले होते, एवढे विचारून मोकळे झाले असते. नव्या मास्तरांना ती सोय उरली नव्हती. देवीचा शब्द पाळायचा, तर देवी नाही असे सांगायला हवे. देवी आहे असे म्हणायचे, तर पहिल्याच दिवशी तिचा शब्द मोडायला हवा. त्यांनी वळून मैनेकडे पाहिले. तिने ओटीचे ताट पदराखाली घेतले होते.

"इतकी वर्सं तुमी नाय म्हनत होतात," ती शांतपणे म्हणाली. "आता ती म्हनते. चला, उशीर होतोय."

मास्तर चौथऱ्यावर चढले आणि देवीच्या आज्ञेवरून त्यांनी देवी नसल्याचे भाषण केले. मध्येच त्यांचा आवाज फुटला, डोळ्यांना पाणी आले. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी ते मोबाइलवर टिपले. इतका कळकळीचा विरोध आजवर झाला नव्हता, असे सर्वांचे मत पडले. विचारमंचाने शाल राहू द्यावी असा निरोप धाडला. पालखी उठली, वाडीवाडीतून नाचत मास्तरांच्या गडग्यापाशी आली आणि माघारी वळली. मैना दिराच्या दारात रांगेत शेवटी उभी राहिली.

वाचकांनी हसायला हरकत नाही. चाफेकोंड आडबाजूला आहे. मात्र तुमच्याही घरात एकजण असेल, ज्याचे मत तुम्ही त्याच्या तरुणपणी एकदा ऐकून घेतले आणि कायमचे नेमून दिले. परवा जेवताना तो "मला हल्ली असं वाटतं" म्हणून थांबला होता. तुम्ही त्याच्या पानात आणखी भात वाढलात.