अर्सेनिओच्या गाडीचं इंजिन

सोराइदाने लग्नाला होकार दिला, पण एका अटीवर. अट ऐकून अर्सेनिओच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

"गाडीत कुठलं इंजिन ठेवायचं, ते तू ठरवायचंस," ती म्हणाली. "तू एकट्याने. शनिवारी मला न्यायला येशील तेव्हा ते ठरलेलं पाहिजे. नाहीतर मी आपली खिडकीतूनच हात हलवीन."

"पण सोराइदा, त्यात काय आहे, दोन्ही बाजूंनी बघितलं तर..."

"हे बघ, हेच ते दोन्ही बाजूंनी. इतकी वर्षं मी हेच ऐकत आले. मला नवरा पाहिजे, तराजू नको."

बाई शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे बोलणं सडेतोड. आणि तिचं काही चुकतही नव्हतं. अर्सेनिओने तिला मागणी घातली तीसुद्धा, "आपण लग्न करावं, की आहे असंच बरं आहे, तुला काय वाटतं?" अशा शब्दांत. मतांसास गावातल्या चष्म्याच्या सरकारी दुकानात तो डोळे तपासायला बसायचा. समोरच्याच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरायच्या आणि विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" लोक फटकन उत्तर द्यायचे. त्याला त्या लोकांचं मोठं आश्चर्य वाटायचं. स्वतःला रोज सकाळी शर्ट निवडावा लागू नये म्हणून त्याने सगळे शर्ट पांढरेच ठेवले होते.

गाडीसुद्धा त्याने निवडली नव्हती, ती त्याच्याकडे आली. कार्देनासच्या एका डॉक्टरच्या विधवेला पियानो हवा होता, अर्सेनिओकडे आईचा पियानो पडून होता. अदलाबदल बाईनेच ठरवली आणि याने मान हलवली. क्रांतीच्या आधीची, फक्त दोन माणसांची, बिनछपराची निळी गाडी. चार हातांखालून गेलेली, दारं जरा कुरकुरणारी, पण काय देखणी होती म्हणून सांगू. पहिल्या दिवशी गल्लीतले लोक तिच्याभोवती टोप्या काढून उभे राहिले. एक म्हातारी तर देवीला लावावा तसा तिच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावून गेली. अर्सेनिओ रोज संध्याकाळी खुर्ची टाकून नुसता तिच्याकडे बघत बसायचा. एवढी सुंदर वस्तू आपल्या दारात कशी, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

प्रश्न होता इंजिनाचा. आतलं इंजिन मूळचं, पेट्रोलवर चालणारं. चालायचं झकास, पण प्यायचं घागरीने. आणि पेट्रोल म्हणजे काय, पंपावर जायचं, "शेवटचा कोण?" असं ओरडून आपला नंबर धरायचा आणि मग पंपाकडे पेट्रोल येण्याची वाट बघायची. डिझेलचं तसं नव्हतं. ते बंदरावर, शेतावर, कुठे ना कुठे मिळायचं. कुठून आलं ते विचारायची पद्धत नव्हती. म्हणून गावातल्या निम्म्या जुन्या गाड्यांच्या पोटात ट्रॅक्टरची नाहीतर पाण्याच्या पंपाची डिझेल इंजिनं धडधडत होती. वरून राणी, आतून ट्रॅक्टर.

अर्सेनिओचा मेहुणा ओब्दुलिओ हा डिझेलवाला. बंदरावर बोटी दुरुस्त करायचा, आणि त्याच्याकडे मासेमारीच्या बोटीतून काढलेलं एक इंजिन तयार होतं.

"भाऊ, डोळे मिटून घे," तो मंगळवारी म्हणाला. "या इंजिनाने तीन वादळं पाहिली आहेत. तुझं लग्न काय चीज आहे?"

"पण आवाज फार करतं ना रे?"

"आवाज करतं म्हणजे जिवंत आहे. बायको मिळतेय तुला आता, आवाजाची सवय कर. मग, टाकायचं?"

अर्सेनिओला मेहुण्याचं मन मोडवेना. "टाकू या," तो म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या फेर्मीनने त्याला कुंपणापाशी गाठलं. फेर्मीनने जन्मभर नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं होतं आणि त्याचा कान तिखट होता.

"काय ऐकतोय मी, दोस्ता? या गाडीत बोटीचं इंजिन? अरे, हिचं मूळचं इंजिन ऐकलंयस का कधी नीट? बाळ झोपेत श्वास घेतं तसं चालतं ते. त्या जागी तू भांडी घासल्याचा आवाज बसवणार?"

"पण पेट्रोल मिळत नाही ना."

"पेट्रोलच्या रांगेत मी उभा राहतो. माझं वय झालंय, मला दुसरं काम काय आहे? तू फक्त सांग, मूळचंच ठेवायचं ना?"

एवढा म्हातारा माणूस आपल्यासाठी उन्हात उभा राहायला तयार, त्याला नाही कसं म्हणायचं? "ठेवू या," अर्सेनिओ म्हणाला. रात्री तो अंथरुणावर पडला तेव्हा त्याला वाटलं की आज आपण चक्क दोन निर्णय घेतले. त्याला गाढ झोप लागली.

बुधवारी तो दुकानात गेला आणि इकडे ओब्दुलिओ चार खलाशी घेऊन आला. दारातल्या आंब्याच्या फांदीला साखळी बांधून त्यांनी पेट्रोलचं इंजिन वर उचललं आणि हातगाडीवर घालून बंदरावर नेलं. तिथे ते जाळ्यांच्या खोलीत कुलूपबंद झालं. मेहुणा म्हणजे कच्च्या गुरूचा चेला नव्हता. फेर्मीनला तो ओळखून होता, आणि मूळचं इंजिन डोळ्यांसमोर राहिलं तर अर्सेनिओ परत डळमळेल हेही त्याला ठाऊक होतं. गुरुवारी त्याने बोटीचं इंजिन आणून गाडीत उतरवलं. बोल्ट शनिवारी सकाळी आवळायचे ठरले.

शुक्रवारी सकाळी फेर्मीन पेट्रोलच्या रांगेतून दोन बाटल्या घेऊन विजयी चेहऱ्याने परतला आणि त्याने बॉनेट उघडलं. आतल्या त्या काळ्या, तेलकट, मासळीचा वास मारणाऱ्या ऐवजाकडे बघून त्याला भोवळच आली. मग त्याने बँडमधले जुने सोबती गोळा केले. ढोलवाला, झांजवाला, दोघे तुतारीवाले, सगळे साठीच्या पुढचे. पण रागाला वय नसतं. त्याच आंब्याच्या त्याच फांदीला साखळी बांधून त्यांनी बोटीचं इंजिन बाहेर काढलं आणि ढकलत ढकलत बँडच्या तालीमघरात नेऊन टाकलं. तालीमघराची किल्ली फेर्मीनने गळ्यात अडकवली.

शनिवारी सकाळी अर्सेनिओ पांढरा शर्ट घालून, हातात जाईचा गजरा घेऊन दारात आला. गजरा बॉनेटवर बांधण्याआधी इंजिनाचं एकदा दर्शन घ्यावं म्हणून त्याने बॉनेट वर केलं. आतून त्याला रस्त्यावरचे दगड दिसले. एका दगडावर एक सरडा ऊन खात बसला होता.

तो कितीतरी वेळ तसाच वाकून उभा राहिला. इतकी रिकामी जागा त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तिच्यात पलीकडच्या सावलीचा गारवा होता, आणि त्याला क्षणभर, खोटं कशाला सांगू, ती सुंदर वाटली.

तोवर दोन्ही पक्ष गोळा झाले होते. अर्सेनिओची थोरली बहीण नेरेइदा, म्हणजे ओब्दुलिओची बायको, हातात लग्नाचा केक घेऊन मध्ये उभी होती.

"माझं डिझेल आण," ओब्दुलिओ म्हणाला.

"आधी माझं पेट्रोल आण," फेर्मीन म्हणाला.

म्हणजे गंमत बघा. डिझेलवाल्याच्या कुलपात पेट्रोलचं इंजिन आणि पेट्रोलवाल्याच्या कुलपात डिझेलचं. दोघांनाही समोरच्याचं इंजिन डोळ्यांपुढे नको होतं, आणि दोघेही ते सोडायला तयार नव्हते.

"दोन्ही आणलीत तरी बसवायला संध्याकाळ होईल," नेरेइदा म्हणाली. "रजिस्ट्रार दुपारी घरी जातो. आणि सोराइदाला खिडकीतून हात हलवायची वेळ आली, तर हा केक मी तुम्हा दोघांच्या डोक्यावर पालथा घालीन. अर्सेनिओ, तू बोल रे काहीतरी. कुठलं आणायचं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. खलाशी बघत होते, बँडवाले बघत होते. अर्सेनिओने गल्लीकडे पाहिलं. सोराइदाचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला होतं. तिथून रस्ता सरळ उतरत उतरत खाली पुलापर्यंत जायचा, पुलापलीकडे थोडंसं सपाट, आणि मग रजिस्ट्रारची कचेरी. उताराच्या शेवटी खाडी चमकत होती.

"कुठलंच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" ओब्दुलिओने विचारलं.

"बॉनेट लावा. सगळे मागून हात लावा आणि गाडी वर सोराइदाच्या दाराशी न्या. खाली ती आपणहून येईल. पूल आला की परत ढकला."

"पण अर्सेनिओ, जरा दोन्ही बाजूंनी विचार..." ओब्दुलिओ चाचरत म्हणाला.

"नाही," अर्सेनिओ म्हणाला, आणि त्याने स्वतःच बॉनेट आपटून बंद केलं. नेरेइदाने हातातला केक छातीशी धरला. आपला भाऊ 'नाही' म्हणाला, हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

सोराइदा बाहेर आली ती पिवळ्या झग्यात, केसांत पांढरं फूल खोवून. दारात निळी गाडी उताराकडे तोंड वळवून उभी होती, पुढचं वजन गेल्यामुळे जरा नाक वर करून. मागे एक घोळका छातीवर हात बांधून, कपाळाचा घाम पुसत, सहज फिरायला आल्यासारखा उभा होता.

"हे सगळे एवढे का घामाघूम?"

"आनंदाने," अर्सेनिओ म्हणाला. त्याने तिला बसवलं, उगीचच किल्ली फिरवली आणि हँडब्रेक सोडला.

गाडी निघाली. आणि मग जे झालं ते त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. आवाजच नाही. त्या गावात गाडी यायची म्हणजे आधी धडधड यायची, मग धूर, मग कुत्री भुंकायची आणि शेवटी गाडी. ही आली ती नुसती आली. चाकांखाली खडी कुजबुजत होती, दारावर बांधलेल्या फितीची फडफड ऐकू येत होती, आणि सोराइदाच्या झग्याची सळसळसुद्धा. खाटकाने सुरी खाली ठेवली. बायका गॅलरीत आल्या आणि बोलता बोलता गप्प झाल्या. केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेला एक माणूस फेस घेऊनच दारात आला. पोरांनी मागे धावायचं, ओरडायचं, ते सोडून पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. कुठेतरी माडांत वारा वाजत होता आणि खाली खाडीचं पाणी उघडत उघडत मोठं होत चाललं होतं. अर्सेनिओच्या अंगावर काटा आला. आपल्या गावात इतकी शांतता आहे आणि तिच्यात इतके बारीक आवाज आहेत, हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. सोराइदाने त्याच्या हातावर हात ठेवला.

पुलावर गाडीचा वेग मंदावला. मासे धरणारे गळ वर करून बघत राहिले. तेवढ्यात मागून पळत आलेला घोळका पोचला आणि गाडी परत सरकायला लागली. एका बाजूला ओब्दुलिओचा खांदा, त्याला घासून फेर्मीनचा. दोघांचीही बोलायची ताकद उरली नव्हती.

कचेरीपुढे लग्नाच्या भाड्याची एक गुलाबी गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर निळ्या गाडीभोवती एक अख्खी फेरी मारून आला आणि अर्सेनिओपाशी आदराने वाकला.

"साहेब, काय टाकलंय आत? डिझेल तर नक्की नाही. पण पेट्रोलसुद्धा इतकं मुकं चालत नाही."

"काहीच नाही," अर्सेनिओ म्हणाला.

ड्रायव्हरने समजुतीने मान हलवली. "सांगायचं नसेल तर राहू दे. मी असतो तर मीही सांगितलं नसतं."

ड्रायव्हर बाजूला झाला. पायऱ्यांवर अर्सेनिओ थांबला. आत गेलं की झालं असतं, पण त्याच्याने राहवेना.

"सोराइदा, तुझी अट मी पाळली नाही. मी डिझेल ठरवलं नाही आणि पेट्रोलही ठरवलं नाही. गाडीत इंजिनच नाही. तुला परत जायचं असेल तर..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"अरे, आरशात मला ओब्दुलिओ जीव खाऊन पळताना दिसत होता. इंजिन असलेल्या गाडीच्या मागे कुणी असं पळतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"बिनइंजिनाची गाडी उतारावर सोडायची, हे कुणी ठरवलं?"

"मी."

"कुणाला विचारलंस?"

अर्सेनिओने आठवून पाहिलं. "कुणालाच नाही."

"मग चल आत," सोराइदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत. आत रजिस्ट्रारने "तुम्ही या बाईंचा..." एवढंच म्हटलं, तोच अर्सेनिओ "हो" म्हणून मोकळा झाला. रजिस्ट्रारला वाक्य पुरं करायला परत सुरुवात करावी लागली.

परतीच्या वाटेवर चढ होता. गाडीत सोराइदा एकटीच बसली, स्टिअरिंग धरून, मांडीवर केक घेऊन. मागे मध्ये नवरदेव, एका अंगाला मेहुणा, दुसऱ्या अंगाला फेर्मीन, आणि त्यांच्या मागे सगळे खलाशी आणि अख्खा बँड. अर्ध्या चढावर फेर्मीनचा श्वास अडकला.

"दोस्ता," तो धापा टाकत म्हणाला, "आता तू निर्णय घेणारा माणूस झालास. दया कर. सोमवारी कुठलं बसवू?"

"हो भाऊ, आता सांगूनच टाक," ओब्दुलिओ म्हणाला. "तू म्हणशील ते. पेट्रोल म्हणालास तरी चालेल."

अर्सेनिओने गाडीला खांदा लावून आणखी एक रेटा दिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान त्या दोघांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बायकोला विचारून सांगतो," तो म्हणाला.