थोरल्या बाईंच्या वाटणीचं ऊन

थोरल्या बाईंची सुनेबद्दल एकच तक्रार होती. ती भांडत नसे.

बाकीच्या सुना कशा, सासूने एक ऐकवलं की दोन ऐकवतात, भांडी आपटतात, माहेरी फोन लावून दार ओढून घेतात. हिचं तसं काहीच नाही. "पडदे काढून टाक" म्हटलं की "हो आई". संध्याकाळी "पडदे कुणी काढले, लाव परत" म्हटलं तरी "हो आई". थोरल्या बाई म्हणजे चार जावांमध्ये थोरल्या आणि पंचवीस वर्षं सासूशी रोज भांडून तयार झालेल्या. शाळा दुसरीतच सुटली होती, पण बोलण्यात त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. अशा बाईच्या पुढ्यात कापसाची गादी आणून ठेवली तर तिने गुद्दा मारायचा कुठे?

"हिच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा आणि भिंतीने तो ठेवून घ्यायचा," त्या नवऱ्याला म्हणत. नवरा पेपर वाचत असे. तो लग्नाच्या दिवसापासून पेपर वाचत होता.

तर त्या वर्षी मुलाने घरामागे एक वाढीव खोली काढली. खोली लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. आतल्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा आणि मागच्या दाराशी थोरल्या बाईंची खुर्ची. खोली झाली छान, पण तिने थोरल्या बाईंची जुनी खिडकी गिळली. थंडीत त्या खिडकीतून सकाळी दहापासून त्यांच्या गुडघ्यांवर ऊन यायचं. गुडघे शेकत त्या सगळ्या गल्लीच्या कपड्यांची शिवण उसवायच्या आणि गप्पांत गल्लीतल्या माणसांचीही. आता तिथे भिंत होती.

"माझी खिडकी खाल्लीस," हे त्या मुलाला औषधासारखं दिवसातून तीनदा द्यायला लागल्या. सहाव्या दिवशी मुलगा शरण आला. छताला मोठं चौकोनी भोक पाडून वर चारी बाजूंनी काचेचं उतरतं छप्पर बसवायचं ठरलं. त्याला रूफ लँटर्न म्हणतात. थोरल्या बाई त्याला टोपलं म्हणाल्या आणि घरात तेच नाव पडलं.

काचवाला कानावर पेन्सिल खोचून आला. खोलीची लांबी मोजून म्हणाला, "मधोमध बसवू. सगळीकडे सारखा उजेड पडेल."

"मधोमध कोण बसतं?" थोरल्या बाईंनी विचारलं. "माझी खुर्ची इथे आहे. टोपलं इथे हवं."

"आजी, पण थंडीत सूर्य जरा—"

"आजी कुणाला म्हणता? केस तर तुमचेही पिकलेत. आणि सूर्याचं मी बघते, तुम्ही भोक पाडा."

त्यांनी मुलाला स्टुलावर चढवलं, दोऱ्याला कात्री बांधून छतापासून खाली सोडायला लावली. कात्री हलली, डुलली आणि खुर्चीच्या बरोबर मध्यावर थांबली. थोरल्या बाईंनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू कात्रीच त्यांची साक्षीदार होती. सुनेला विचारलं, "बरोबर?" सून म्हणाली, "हो आई."

टोपलं बसलं. काचांवरचा कागद काढायच्या दिवशी थोरल्या बाई दहाच्या ठोक्याला खुर्चीवर बसल्या, गुडघ्यांवरची शाल बाजूला केली आणि म्हणाल्या, "हं, सोडा."

कागद निघाला. खोली धुतल्यासारखी लख्ख झाली. शिलाईतला टाका न् टाका दिसायला लागला. पण ऊन मात्र खुर्चीला वळसा घालून पार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ओट्यावर, मटार सोलणाऱ्या सुनेच्या हातांवर जाऊन पडलं होतं.

"ऊन कुठे आहे?"

"ओट्यावर आहे, आई."

"तिथे काय करतंय ते?"

यावर "हो आई" म्हणता येत नव्हतं, म्हणून सून मटार सोलत राहिली. नवरा पेपरमागून म्हणाला, "घरात आलंय ना, मग झालं." थोरल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पेपर वर गेला.

काचवाल्याला परत बोलावलं. त्याने लेव्हलची पट्टी काढून टोपल्याच्या चारी बाजूंना लावून दाखवली. "बघा, बुडबुडा मधोमध आहे. टोपलं एक सूतभरही वाकडं नाही."

"बुडबुड्याला गुडघे आहेत का?"

"अहो, ऊनच तिरकं येतं."

"माझ्या खिडकीतून बरं सरळ यायचं. तुमच्या हातचं तेवढं तिरकं."

"तेच सांगतोय, अजून दोन—"

"दोन काय, एकही नको. निघा तुम्ही."

काचवाला निघाला. पुढच्या दारात सून त्याला चहा देत होती. तो हात वरखाली करून तिला काहीतरी समजावत होता आणि ती मान डोलवत होती. थोरल्या बाईंनी ते खुर्चीवरून पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, टोपल्यातून पडला त्यापेक्षाही जास्त. म्हणजे हे असं आहे तर. तोंडाने हो आई आणि चहा पाजून ऊन आपल्या ओट्यावर.

दोन दिवस त्यांनी स्वतःचे उपाय केले. ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून नवऱ्याला ओट्याशी बसवलं, आरशाने ऊन गुडघ्यांवर पाठवायला. दहा मिनिटं उत्तम गेली. मग नवऱ्याचा डोळा लागला, आरसा कलला, ऊन थोरल्या बाईंच्या डोळ्यात गेलं आणि सुई बोटात. त्या किंचाळल्या, नवरा दचकला, आरशाचे सात तुकडे झाले. सातही तुकड्यांतून ऊन छतावर नाचत होतं, गुडघ्यांवर एकाही तुकड्याचं नव्हतं.

सून मलम घेऊन आली. "आई, एक सांगायचं होतं. ते काचवाले—"

"त्याची वकिली करू नकोस. बोट दुखतंय इथे."

"बरं, आई."

संध्याकाळी थोरल्या बाईंनी फर्मान काढलं. "ओटा हलवा. ओटा मागच्या दाराशी, माझी खुर्ची ओट्याच्या जागी."

मुलाच्या हातातला कप बशीत आपटला. "आई, ओटा म्हणजे काय टीपॉय आहे? नळ आहे, मोरी आहे, गॅस आहे. सगळी फरशी उखडावी लागेल."

"मग उखडा. खिडकी बुजवताना विचारलं होतंस मला?"

मुलाने बायकोकडे वळून हात जोडले. "तू तरी बोल. स्वयंपाक तुला करायचाय."

थोरल्या बाई सरसावून बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं भांडण दाराशी येऊन उभं होतं. त्यांनी मनात चार उत्तरं तयारही ठेवली, त्यातलं एक तर फारच झणझणीत होतं.

"आई, पण ते ऊन—" सून म्हणाली.

"आमच्या मायलेकांच्या मध्ये बोलू नकोस," सवयीने थोरल्या बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बरं. आईंना सोयीचं असेल तर हलवू," सून म्हणाली आणि कप उचलून आत गेली. चारही उत्तरं वाया गेली.

तीन आठवडे घर म्हणजे उकिरडा झाला. स्वयंपाक जिन्याखाली, भांडी न्हाणीत. प्लंबरने नको तो पाइप फोडला आणि नवऱ्याचे चार वर्षांचे पेपर भिजले. सून एका हाताने नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हाताने पोळ्या लाटायची. शेवटी ओटा मागच्या दाराशी गेला, बरोबर टोपल्याखाली, आणि थोरल्या बाई आतल्या टोकाला उन्हात बसल्या. काय सुख होतं ते. त्यांनी गल्लीतल्या पाचजणींना बोलावून गुडघे दाखवले.

पंधरा दिवसांनी त्यांचा डावा गुडघा सावलीत गेला.

त्यांनी खुर्ची वीतभर पुढे घेतली. आठवड्याने उजवाही गेला. "खुर्ची कोण सरकवतंय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो शपथेवर नाही म्हणाला. मग त्यांनी शिवणाच्या खडूने खुर्चीच्या चारी पायांभोवती रेघा मारल्या. सकाळी खुर्ची रेघांत होती आणि ऊन पुढे निघून गेलं होतं. त्याच्यामागे खुर्ची. पुन्हा ऊन, पुन्हा खुर्ची. थंडी मात्र अजून हलायला तयार नव्हती. नुकतं चालायला लागलेल्या पोराला बोट धरून चालवावं तसं ते ऊन थोरल्या बाईंना खोलीभर चालवत होतं.

आणि एका सकाळी खुर्ची कशालातरी धडकली. समोर नवा ओटा होता. ओट्यापाशी स्वेटर घालून सून दुधी किसत होती आणि सगळंच्या सगळं ऊन तिच्या अंगावर होतं. आणखी पुढे जायला जागा नव्हती.

थोरल्या बाईंनी एकदा वर टोपल्याकडे पाहिलं, एकदा खाली. ही त्यांचीच जुनी जागा होती. कात्रीने दाखवलेली.

"हे असं होणार, तुला माहीत होतं?"

किसणी थांबली. "हो आई. काचवाले दारात सांगून गेले होते. थंडीच्या ऐन भरात सूर्य खाली असतो, म्हणून ऊन लांब जातं. मग तो वर चढत जातो आणि ऊन टोपल्याखाली येतं. म्हणाले, दोन महिने कळ काढा, खुर्चीवर येईल. मला आजी बोलू देत नाहीत, तुम्ही सांगा, असंही म्हणाले."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मी दोनदा आले होते सांगायला. एकदा म्हणालात, वकिली करू नकोस. एकदा म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

पेपरमागून खोकल्यासारखा आवाज आला. मुलगा नव्या नळाकडे टक लावून बघत राहिला. थोरल्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि काहीच न बोलता मिटलं. घरातल्या कुणीही हे आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी शाल गुडघ्यांवर ओढली आणि सुनेवर बोट रोखलं.

"ऐक. मला गप्प करायला या घरात एक माणूस लागतं. सासूबाई होत्या तोवर त्या करायच्या. यांना चाळीस वर्षांत जमलं नाही आणि तुझ्या नवऱ्याला मीच जमू दिलं नाही. तू शिकलेली, तुला सूर्यसुद्धा कळतो, आणि तू नुसती मान डोलवत उभी राहिलीस म्हणून माझ्या गुडघ्यांना वनवास. ते काही नाही. आजपासून माझं चुकलं की तोंडावर सांगायचं, मी ओरडले तरी सांगायचं, वकिली म्हटलं तरी सांगायचं. आणि आता याच्यावर 'हो आई' म्हणालीस, तर बघ."