क्योतोची रंगीत तालीम

गुरुवारी रात्रीची जेवणं झाली आणि ताटं उचलायच्या आतच विजयने टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. टोकं उडू नयेत म्हणून एका टोकावर लोणच्याची बरणी ठेवली आणि दुसऱ्यावर आईच्या चष्म्याचं घर. कागदभर निळ्या-हिरव्या आडव्या पट्ट्या होत्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'क्योतो. एक दिवस. पाच देवळं, एक बाजार, एक बांबूचं बन.'

"उद्या सकाळी साडेसहाला सगळे दारात," तो म्हणाला. "बूट घालून."

"उद्या?" नयनाने विचारलं. "आपण चोवीस तारखेला जाणार ना जपानला?"

"जायचं चोवीसलाच. उद्या ड्राय रन."

नयना हॉस्पिटलात बारा तास उभी राहून आली होती. तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि उठून भांडी घासायला गेली. त्या घटकेला तिला भांडी बरी वाटली.

यात विजयचा फारसा दोष नव्हता. तो एका स्टेडियमवर प्लॅनिंग इंजिनिअर होता. वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती आणि तोवर सगळ्या कतारमध्ये एकच काम चालू होतं, तालीम. फाटकांची तालीम, आग लागल्याची तालीम, रिकाम्या खुर्च्यांतून माणसं बाहेर काढायची तालीम. मागच्याच महिन्यात विजयला 'चक्कर आलेला प्रेक्षक' करून स्ट्रेचरवरून गोल फिरवून आणलं होतं. ते काम त्याने मनापासून केलं होतं. तालमीशिवाय काही नीट होतं यावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

पण उद्याची तालीम खरी होती ती आईसाठी. मनोरमाबाईंना बहात्तरावं सरून त्र्याहत्तरावं लागलं होतं. नाशिकहून तीन महिन्यांसाठी त्या विजयच्या घरी, अबू हमूरला आल्या होत्या, आणि जपानचं ठरताच "मीही येते," एवढंच म्हणाल्या होत्या. मुलाकडे काही मागण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे घरात सगळेच जरा गोंधळले.

"आई, तिथे फार चालावं लागतं," विजय म्हणाला. "रविवारी व्हिसासाठी पासपोर्ट द्यायचेत. चार द्यायचे की पाच, ते उद्या ठरवू. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. ते नऊ दिवस तू वक्र्याला नयनाच्या हॉस्पिटलातल्या जोस्लीनकडे राहा. ती वसईची, तुला मासे खायला घालेल."

"मी मासे खात नाही," मनोरमाबाई म्हणाल्या.

जपानला का जायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. बहात्तर साली त्यांच्या यजमानांच्या कारखान्यात जपानी मशीन आलं आणि त्याच्याबरोबर एक कॅलेंडर. तेव्हा असली कॅलेंडरं साहेबांच्या घरी जात. ते एक कसं कोण जाणे, यांच्या घरी आलं. एप्रिलच्या पानावर क्योतोची एक बाग होती. तळं, काठाला एक वाकडं झाड, आणि लाकडी पडवीत पाठमोरी बसलेली एक बाई. काही करत नव्हती, नुसती बसली होती. मनोरमाबाईंच्या घरी तेव्हा अकरा माणसं होती, आणि दिवसा कुणी बाईमाणूस असं नुसतं बसलेलं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पुढचे आठ महिने त्यांनी पान उलटलं नाही. सासूबाई आज तारीख कोणती म्हणून शेजारी विचारायला जात.

हे सगळं विजयला सांगायचं म्हणजे त्याच्या पट्ट्यांत कुठे बसवायचं, हा प्रश्न आलाच असता.

सकाळी साडेसहाला विजयने प्रत्येकाच्या कमरेला एक छोटं यंत्र चिमट्याने अडकवलं. कंपनीच्या आरोग्य सप्ताहात ती फुकट मिळाली होती. पावलं मोजत.

"पास व्हायला वीस हजार," तो म्हणाला. "आई, तुला पंधरा. ज्येष्ठ नागरिक."

"आणि मध्येच बसले तर?"

"बस की. पण शेवटी मी आकडा बघणार. माणूस 'मी ठीक आहे' म्हणतो, आकडा म्हणत नाही."

पहिलं देऊळ डोंगरावरचं होतं. त्यासाठी विजयने अल रय्यानच्या उद्यानातली टेकडी निवडली होती. माणसांनी माती रचून केलेली, हिरवळ लावलेली ती टेकडी त्याने तीस मीटर धरली होती. क्योतोचा डोंगर दोनशे तेहतीस.

"म्हणजे आठ वेळा," विजय म्हणाला. "यल्ला!"

"बाबा, धिस इज नॉट अ व्हेकेशन," पंधरा वर्षांचा मिहीर म्हणाला. "धिस इज पनिशमेंट."

"मराठीत बोल."

"मराठीतपण पनिशमेंटच आहे."

मनोरमाबाई एकदा चढल्या, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. वर वारा होता. खाली उतरल्यावर मात्र त्या बाकावर बसल्या आणि उरलेल्या सात वेळा त्यांनी चौघांना वर जाताना आणि खाली येताना पाहिलं. पाचव्या खेपेपासून नयना कुणाशी बोलेनाशी झाली.

प्रत्येक देवळापाशी बूट काढायचे आणि बाहेर आल्यावर घालायचे, हेही तालमीत होतं. बाकीच्यांना ते सोपं गेलं. सासू-सुनेच्या पायांत जुन्या चपला होत्या आणि मुलं आपले कॅनव्हासचे बूट टाच दाबून सपातांसारखे ओढत. विजयचे बूट मात्र खास जपानसाठी घेतलेले होते, कोरे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, नाडीला सात-सात भोकं. टेकडीच्या पायथ्याशी देऊळ धरून त्याने ते काढले आणि पुन्हा घातले. चार मिनिटं गेली. चार्टात दोन होती.

तिथून मेट्रो. मेट्रो नवी होती. घरात गाडी असल्यामुळे ती कुणी वापरली नव्हती. स्टेशनापाशी पोचल्यावर कळलं की शुक्रवारी ती दुपारी दोनशिवाय सुरू होत नाही. तेव्हा वाजले होते दहा.

"चौदा वर्षं राहतोस इथे," नयना म्हणाली. बऱ्याच वेळाने बोलली, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"शुक्रवार सोडून मला सुट्टी कधी असते?" विजय म्हणाला. "आणि क्योतोत बंद नसते. तेव्हा धरून चाला की आपण बसलोय. सतरा मिनिटं. आणि तिथे गाडीत कुणी बोलत नाही."

बंद दारासमोर पाच माणसं एका ओळीत गप्प उभी राहिली. अंतराने, ती दहा वर्षांची होती, वरची कडी धरल्यासारखा एक हात उंच केला. सहाव्या मिनिटाला सुरक्षा रक्षक जवळ आला.

"मेट्रो दो बजे, साब."

विजयने मान हलवली. बोलायचं नव्हतं.

"साब, कोई प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम," मिहीर म्हणाला. "वी आर इन जपान."

रक्षक जरा मागे सरकला. मनोरमाबाईंकडे त्याने फार कणवेने पाहिलं आणि आपली प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. त्या उरलेली अकरा मिनिटं मेट्रोत बसून गेल्या.

मग उद्यानातल्या खजुरांना बांबू समजून दोन फेऱ्या झाल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या खाऊन झाल्या. प्रत्येक वेळी बूट निघाले, बूट चढले, आणि प्रत्येक वेळी विजय एक मिनिट जास्त घेऊ लागला. टाचेशी काहीतरी लागतंय, एवढं तो बोलला. दोन वाजता मेट्रो उघडली तेव्हा सगळे तिच्यात असे कोसळले, की खऱ्या जपान्यांनी त्यांना उतरवूनच दिलं असतं.

सूक वाकिफमध्ये पोचेपर्यंत साडेतीन झाले. जुन्या बाजारात शुक्रवारची तोबा गर्दी, मसाल्यांचा वास, दगडी गल्ल्या. विजयला बरं वाटलं. "अगदी हीच गर्दी असणार तिथे," तो म्हणाला. "आता सहा किलोमीटर. कुठेही थांबायचं नाही. आई, तू तुझ्या गतीने मागून ये. चुकलीस तर या झाडापाशी थांब."

आणि तो निघाला. त्याच्यामागे नयना, तिच्यामागे मुलं.

मनोरमाबाईंना एकदम अठ्ठ्याहत्तर साल आठवलं. यजमानांनी हौसेने एसटीची अष्टविनायक यात्रा केली होती, दीड दिवसात आठ गणपती. कंडक्टर शिट्टी मारी, माणसं धावत. घरी आल्यावर जावेने विचारलं, "कसे होते हो गणपती?" आणि त्यांना आठवेना. आठवत होती ती लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर पुढे चालणाऱ्या कुणा बाईची जरीची किनार.

त्या झाडाखालच्या बाकावर बसल्या. कमरेचं यंत्र पाहिलं. पाच हजार दोनशे. दहा हजार उरली होती, आणि पाय म्हणत होते, खलास.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा हमाल बसला होता. तपकिरी जाकीट, पांढरी दाढी, समोर एका चाकाची ढकलगाडी. बाजारात येणाऱ्यांचं सामान तिच्यात घालून तो त्यांच्या मोटारीपर्यंत पोचवत असे. त्याने विचारलं, "अम्मा, घरवाले कहाँ?"

"चलने गये हैं," मनोरमाबाई म्हणाल्या.

"किधर?"

"किधर भी नहीं. खाली चलने."

म्हाताऱ्याला हसू आलं. त्याचं नाव कासम. या गल्ल्यांत तो एकतीस वर्षं चालत होता. मनोरमाबाईंनी त्याला विचारलं, दिवसाला किती चालणं होतं. त्याला सांगता येईना. कुणी मोजलंच नव्हतं. त्यांनी कमरेचं यंत्र काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

साडेपाचच्या सुमारास विजय पाचव्या देवळापाशी पोचला. हे देऊळ म्हणजे एका चहाच्या दुकानाची पायरी होती. त्याने बूट काढले. दीर्घ श्वास घेतला. मग घालायला गेला तर पाय आत जाईना. दिवसभर काढघाल करून पाय सुजून असे झाले होते, की दोन्ही हातांनी ओढलं, नयनाने मागून ढकललं, मिहीरने नाडी पुरती उपसून काढली, तरी टाच काही आत बसेना. दोन्ही मोजे मागून लाल झाले होते.

"अनवाणी चालतो," विजय म्हणाला आणि तीन पावलं चालून खाली बसला.

"आता?" नयनाने विचारलं.

"चार्टात हे नाहीये," तो हळूच म्हणाला.

मुलं आजीला शोधायला धावली आणि आजीबरोबर कासमला घेऊन आली. कासमने परिस्थिती पाहिली, ढकलगाडीत एक गोणपाट अंथरलं आणि म्हणाला, "बैठो साब." विजयने बसणार नाही म्हणून सांगितलं. मग बसला. गुडघे छातीशी, बूट मांडीवर. बाजारातल्या पर्यटकांनी फोटो काढले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दगडांवरून खडखडत जाताना त्याला एकदम आठवलं.

"आकडे," तो गाडीतून म्हणाला. "आकडे सांगा सगळ्यांनी."

"एकोणीस हजार," नयना म्हणाली, "आणि उद्या माझी ड्यूटी आहे."

मिहीरचे अठरा होते. अंतरा उड्या मारत चालते म्हणून तिचे तेवीस.

"आई, तुझे?"

मनोरमाबाई गाडीच्या बाजूने चालत होत्या. त्यांनी कासमच्या जाकिटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. "यांच्याकडे आहे."

कासमने गाडी थांबवून यंत्र काढून विजयच्या हातात दिलं. सतरा हजार चारशे.

विजयने आकडा दोनदा वाचला. "आई," तो म्हणाला, "हे तू चाललेली नाहीस."

"नाही. मी पाच हजार चालले. बाकी हे चालले. तुला आकडा हवा होता, आणि यांना तर चालावंच लागतं."

"आणि तू काय केलंस दोन तास?"

"बसले होते."

"नुसती?"

"नुसती कशी? एक माणूस हातावर ससाणा घेऊन आला होता, त्याच्या डोळ्यांवर टोपडं. ससाण्याच्या. ते काढलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग एका नव्या नवरीला बांगड्या होईनात, तिची सासू तिच्या हाताला साबण लावत होती. समोरचा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, तुम्ही पहिले, म्हणून स्वस्त देतो. अकरा पहिले झाले." त्या थांबल्या. "तुम्ही काय काय पाहिलंत?"

नयनाने आठवून पाहिलं. मिहीरनेही.

"आय सॉ बाबाज बॅक," अंतरा म्हणाली.

कुणी हसलं नाही. इतकं दमून हसता येत नाही. पण नयना रस्त्यातच ढकलगाडीच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "विजय, मला त्या दिवशी आईंच्या शेजारी बसायचंय. कुठे बसणार आहात हो आई?"

"एक बाग आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. "तळं आहे. आता असेल का, माहीत नाही."

गाडीत दुमडून बसलेल्या विजयने आईकडे खालून वर पाहिलं. असं त्याने लहानपणानंतर पाहिलं नसावं. "कुठली बाग?" त्याने विचारलं. "नाव काय?"

"नाव जपानीत होतं रे. पण दाखवलीस तर ओळखेन."

रविवारी व्हिसाच्या खिडकीशी विजय सपाता घालून उभा होता. दोन्ही टाचांना पांढऱ्या पट्ट्या. त्याने पाच पासपोर्ट सरकवले आणि त्यांच्याबरोबर रोज कुठे काय करणार त्याचा तक्ता. खिडकीतल्या बाईंनी तो बोट ठेवून वाचत नेला आणि एका ओळीवर बोट थांबलं.

"क्योतो," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. 'सिटिंग इन गार्डन'. फाइव्ह पर्सन्स?"

"येस."

"होल डे? नथिंग एल्स?"

विजयने सपातेतली टाच हळूच वर उचलली. बाईंनी मान उंचावून काचेतून खाली, त्याच्या पायांकडे पाहिलं. मग पुढचा प्रश्न न विचारता त्यांनी पाचही पासपोर्ट आत ओढून घेतले.