भुतांच्या महिन्यातला लॅपटॉप

यंत्राचा नुसता आवाज ऐकून ते किती दिवस टिकेल हे सांगणारा माणूस व्हिएतनाममधल्या आमच्या नामदिन्ह शहरात एकच आहे, आणि तो मी! आख्खी उमर कापडगिरणीत गेली. कुठला माग कधी बसणार, हे मला त्याच्या खोकल्यावरून कळायचं. त्यामुळे जुना लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "न्हान, तू काळजीच करू नकोस. माझे कान कशासाठी आहेत?"

"कशासाठी आहेत कोण जाणे," न्हान म्हणाली. "मी हाक मारते तेव्हा तर कामाला येत नाहीत."

लॅपटॉप हवा होता तोमसाठी. तोम म्हणजे कोळंबी, आमच्या नातीचं घरातलं नाव. आमची लेक थाओ जपानात, ओसाकाला असते. नात तिथेच जन्मली आणि न्हानने तिला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नव्हतं. येत्या रविवारी तोमचा पहिला वाढदिवस होता. त्या दिवशी बाळापुढे ताटात कात्री, पेन, आरसा, कंगवा असं काय काय मांडतात आणि बाळ जे उचलेल त्यावरून त्याचं भविष्य ठरतं. न्हानला ते डोळ्यांनी बघायचं होतं. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि माझ्या तडकलेल्या फोनवर नात कुठली अन् उशी कुठली, तेच कळायचं नाही. पडदा मोठा हवा आणि ऐन वेळी चित्र गोठायला नको, एवढंच तिचं मागणं होतं.

"भावजी, नवाच घ्या," मेव्हणी लिएन म्हणाली. ती शेजारीच राहते, त्यामुळे सल्ला लगेच पोचतो. "आणि आत्ता तर मुळीच नको! भुतांचा महिना चालू आहे."

आमच्या पंचांगातल्या या सातव्या महिन्यात शहाणा माणूस घर सोडा, साधी सायकलसुद्धा घेत नाही. तिकडची, मेलेल्यांच्या जगाची दारं उघडी असतात, कोण इकडे फिरत असेल सांगता येत नाही. त्याच दिवशी पौर्णिमा होती. गल्लीभर लोक कागदाचे कोट, कागदाचे बूट, कागदाच्या मोटारसायकली जाळत होते, आपल्या गेलेल्या माणसांना पोचाव्यात म्हणून.

"म्हणूनच तर स्वस्त मिळेल!" मी म्हणालो. "भुतं काय दुकानात घासाघीस करायला येतात?"

दुकानदार वीनने एक काळा लॅपटॉप पुढे ठेवला. मी आधी चहा मागवला. माझी परीक्षा सोपी होती: बटण दाबायचं, चहा प्यायचा, कप रिकामा व्हायच्या आत यंत्र तयार झालं तर ते रोजच्या कामाला पुरेसं. चहा संपला आणि पडदा उजळला, दोन्ही एकदमच! मग कान लावला. आतला पंखा हळूच उसासा टाकत होता.

"कोणाचा होता रे?"

"एका सभ्य म्हाताऱ्यांचा, काका."

"मग विकला का?"

"आता त्यांना गरज नाही," वीन म्हणाला आणि घाईघाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. "नाही पसंत पडला तर शनिवारपर्यंत परत आणा!"

मला वाटलं, म्हाताऱ्यांनी नवा घेतला असेल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी लॅपटॉप उघडून बसलो. सुरू झाला ठीक, पण मग रेंगाळायला लागला. मी एक खिडकी उघडावी, त्याने विचार करावा. हे काय, म्हणून मी दोन्ही हात वर घेतले, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलला!

हळूहळू, चाचपडत चाचपडत तो कोपऱ्यापर्यंत गेला. एक कोरं पान उघडलं. त्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं.

बाबा?

मी जागचा हललो नाही. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

बाबा, तुम्ही आहात का?

"न्हाऽऽन!"

न्हान आली, नाक पडद्याला टेकवून तिने वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पण घाबरली ती माझ्यासारखी नाही. बायकांना अशा वेळी भीतीआधी माया येते.

"अहो, कुणाचं तरी लेकरू आहे," ती कुजबुजली. "बापाला शोधत फिरतंय बिचारं. बोला ना काहीतरी!"

"मी? मी काय बोलू?"

"नाव विचारा!"

मी एका बोटाने टाइप केलं: कोण?

मी बाख, उत्तर आलं. बाबा, तिकडे थंडी आहे का? मी पाठवलेला कोट मिळाला?

मी आयुष्यभर खरं बोलत आलोय. मी लिहिलं: नाही.

बाण एका जागी थरथरत राहिला.

"रडवलंत ना लेकराला!" न्हान माझ्यावरच उखडली. "एक 'हो' म्हणायला काय गेलं असतं तुमचं?"

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून लिएन आली. पडदा बघताच ती उलट्या पावली पळाली आणि मूठभर मीठ-तांदूळ घेऊन परतली. भटकणाऱ्यांना वाटेला लावायला आम्ही ते रस्त्यावर उधळतो. लिएनने सगळी मूठ थेट लॅपटॉपवर फेकली! न्हानने त्याच्यापुढे पातळ पेजेची वाटी आणि चिंचेच्या गोळ्या मांडल्या, उदबत्ती लावली. उदबत्तीची राख बटणांवर, तांदूळ बटणांखाली, पेजेची वाफ पडद्यावर! मी लॅपटॉप उलटा करून झटकला, तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. आता वीन कसला परत घेतोय? आणि रविवार तर तोंडावर आलेला!

"थाओला सांग, लॅपटॉप बिघडला," मी म्हणालो.

न्हान काहीच बोलली नाही. पदार्थ करपला तर ती तासभर बोलते. ती गप्प बसली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून दुसऱ्या दुपारी मी पुन्हा लॅपटॉप लावला. शेजारी न्हान, दारात लिएन, एक पाय बाहेर ठेवून. बाण हललाच.

बाबा, कोट पुन्हा पाठवलाय. आणि लॅपटॉप कसा आहे? वेग पुरतो ना?

आता, भूत झालं म्हणून काय झालं? त्याने प्रश्न माझ्या विषयातला विचारला होता! माझी भीती कुठच्या कुठे गेली. मी सविस्तर लिहिलं: जुना आहे. सुरू व्हायला एक कप चहा जातो. पंखा दमेकरी आहे. हिशेब, पत्रं, बातम्या, रोजच्या कामाला चालेल. पण रविवारी नातीचा चेहरा नीट दिसेल का, याची शंका वाटते.

मग अक्षरं आली, एकेक करत.

बाबा, तुम्हाला नात नाही.

लिएनचा दुसरा पायही बाहेर गेला.

तुम्ही कोण आहात?

"अगं बाई, तेच विचारतंय आपण कोण!" न्हान माझा दंड धरून म्हणाली. "खरं सांगा आता."

मी लिहिलं: आम्ही जिवंत आहोत. तू?

उत्तर आलं: मीपण.

मग त्याने आमचा फोन नंबर मागितला. पाचच मिनिटांत घंटी वाजली. हा बाख चांगला चाळिशीतला निघाला, सायगॉनमधला इंजिनिअर! वडील इथे नामदिन्हमध्ये एकटे राहायचे. लांबून त्यांचा लॅपटॉप दुरुस्त करता यावा म्हणून त्याने आपल्या लॅपटॉपशी तो जोडून ठेवला होता. वडील गेले, बहिणीने सामान विकलं, जोडणी तशीच राहिली. आणि परवा पौर्णिमेला त्याने वडिलांसाठी कागदी कोटाबरोबर एक कागदी लॅपटॉपही जाळला होता.

"दुकानदार म्हणाला, सगळ्यात नवं मॉडेल आहे," बाख म्हणाला. "आणि काका, दुसऱ्याच दिवशी माझ्या पडद्यावर 'बाबा' नावापुढे हिरवा दिवा लागला! मी इंजिनिअर आहे, पण तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. हिवाळ्यात गेले ते. अंगावर कोट नव्हता."

मग न्हानने लॅपटॉप पुढे ओढला, वाकून एकेक बटण शोधत टाइप केलं: कोट मिळाला. उबदार आहे.

फोनवरून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

मग बाख कामाला लागला. लांबूनच त्याने आतला सगळा जुना पसारा साफ केला. वडिलांचं बुद्धिबळ तेवढं मी ठेवायला सांगितलं. दुपारचा चहा घेत ते खेळायचे म्हणे. शेवटी त्याने स्वतःची जोडणीही काढून टाकली. "दोघं एकदम चालवत होतो ना काका, म्हणून रेंगाळत होता. आता बघा!"

आणि खरंच! रविवारी तोम अशी स्पष्ट दिसली की तिच्या हनुवटीवरची लाळसुद्धा चमकत होती. पेन बाजूला, आरसा बाजूला, पठ्ठीने कात्री उचलली! "गिरणीवाल्याची नात!" मी ओरडलो. न्हान नुसती पडद्यावरून हात फिरवत होती. लिएन म्हणाली, "जुना वाटत नाही हो, भावजी." मी माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

सोमवारी दुपारी मी चहा घेऊन बसलो होतो. दोन्ही हात कपाला. बाण हलला. चाचपडत चाचपडत गेला आणि बुद्धिबळाचा डाव उघडला.

मी लगेच फोन लावला. "बाख, पुरे आता!"

"मी ऑफिसात आहे काका. माझं काही नाही त्यात आता. तुमच्यासमोरच काढलं ना?"

बटणाखाली तांदळाचा दाणा अडकलाय, दुसरं काही नाही. मी न्हानला तसं सांगितलं, लिएनला तर दोनदा सांगितलं. शेवटी मी गिरणीतला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. हल्ली दुपारी मी दोन कप चहा ठेवतो, तो आपला सवयीने. आणि वेगाचं विचाराल, तर दोघांना पुरतो.