लग्नातली श्रद्धांजली

नायगावात बौद्ध पद्धतीनं लग्न असलं, की विधी करायला बौद्धाचार्य रविकांत सोनकांबळेच हवेत. वंदना, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, मंगलगाथा, सगळं तोंडपाठ! "कागद विसरभोळ्या माणसाला लागतो," असं ते ऐटीत सांगायचे.

पण वर्षभरापासून डोक्यात काहीतरी बिघडलं होतं. बसल्या जागी डोळे मिटायचे. चहा घेतला की नाही, आठवायचं नाही. विधीतल्या ओळीही मधनंच गळायच्या. त्यांचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोलाच "बाई, तुम्ही कोण्या गावच्या?" म्हणून विचारायचे. आपलंही आता तेच होणार, या धास्तीनं रविकांत पार खचले होते. बायको मनिषा सांगून थकली, "घोरता घोरता तुमचा श्वास थांबून राहिलाय, दवाखान्यात चला." पण घोरण्याचा आणि डोक्याचा काय संबंध, म्हणून ते उडवून लावायचे.

उमरीच्या लग्नात मात्र कहरच झाला. आदल्या दिवशी त्यांनी एका घरी मयताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला होता. इथं प्रतिज्ञा झाल्या, पुढचं काही केल्या आठवेना, आणि तोंडून कालचंच बाहेर पडलं, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहावी."

चारशे माणसं मुकाट उठली. नवरा-नवरीनं माना खाली घातल्या. नवरीची आई पंचशीला रडायलाच लागली, "कोण गेलं ओ? मला कुणी सांगितलं कसं न्हाई?" सगळ्यांच्या नजरा नवरीच्या आजीकडे, नव्वदीच्या कोंडाबाईंकडे वळल्या. म्हातारी खुर्चीतूनच म्हणाली, "माझ्याकडं काय बघून राहिले? म्या जित्ती हाय."

दोनाची पाच मिनिटं झाली, तरी कुणी बसा म्हणेना. रविकांत माईक धरून उभ्या उभ्या झोपले होते आणि त्यांचं घोरणं लाऊडस्पीकरवरून बसस्टँडपर्यंत जात होतं.

मनिषानं त्यांना धरून नांदेडला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर शबाना म्हणाल्या, "झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास अडतो. मेंदूला प्राणवायू पुरत नाही. तासाला चाळीसदा झोप मोडते, तुम्हाला पत्ता नसतो. मग डोकं चालणार कसं?" नाकावर लावून झोपायचं मशीन त्यांनी लिहून दिलं. आपण वेडे होत नाही आहोत, हे कळल्यावर रविकांत तिथंच ढसाढसा रडले.

चार महिन्यांत ओळ न ओळ परत आली. लातूरकडं मुरुडच्या लग्नात त्यांनी एकही शब्द न गाळता अख्खा विधी म्हटला. चांगला पाऊण तास लागला.

त्यानंतर बोलावणी बंदच झाली. न राहवून त्यांनी गावातली लग्नं जुळवणाऱ्या नरसिंगरावांना विचारलं, "श्रद्धांजलीचं लोकांनी लई मनावर घेतलं का?"

"न्हाई ओ, ते तर हसून सोडून दिलं," नरसिंगराव अवघडून म्हणाले. "राग मानू नका सर. गेल्या साली तुम्ही निम्मं विसरायचे. पंधरा मिनिटांत लग्न लागायचं, माणसं गरम गरम जेवायची. म्हणून तर सगळे तुम्हालाच बोलवायचे."

एवढं तरी विसरून जावं म्हणून रविकांतांनी लई प्रयत्न केला. पण आता काहीच विसरायला होत नव्हतं.